रांझ्याचा पाटील, इंगवलीचा हवालदार

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघाले म्हणजे खेड-शिवापूरच्या परिसरात, भोर तालुक्याच्या हद्दीत, रांझे नावाचे एक गाव लागते. या गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले ते तेथील एका पाटलामुळे. आणि तेही त्याने काही पराक्रम गाजविला म्हणून नव्हे, तर त्याचे हातपाय तोडले गेले म्हणून. बाबाजी भिकाजी गुजर या मुकादमाने एका स्त्रीशी बदअमल केल्याची फिर्याद कानी येताच, वयाची सोळा वर्षेही पुरी न झालेल्या शिवाजीराजांनी त्याला हुजूर आणवून चौकशी केली, गुन्हा शाबीत होताच ही जबर शिक्षा फर्माविली, त्याची पाटीलकी अमानत केली आणि पुढे ती त्याच घराण्यातील सोनजी गुजराच्या हवाली केली. २८ जानेवारी १६४६ चे हे पत्र शिवाजीराजांच्या मुद्रेच्या उपलब्ध पत्रांत सर्वांत जुने असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. स्वराज्याचा पहिला कागद एखाद्या लढाईचा नसून एका वतनदाराच्या पारिपत्याचा आहे, ही गोष्ट मला नेहमीच मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

रांझ्याचा हा पाटील तेथेच संपला असता तर प्रस्तुत लेखाचे काही प्रयोजन उरले नसते. परंतु सुमारे सव्वातीनशे वर्षांनी तो, डोक्याला फेटा, ओठावर मिशी आणि आवाजात एक विलक्षण संथ विखार घेऊन, मराठी चित्रपटाच्या पडद्यावर पुन्हा अवतरला आणि निळू फुले या नटाच्या रूपाने त्याने उभ्या महाराष्ट्राच्या शिव्याशाप घेतले. हे शिव्याशाप इतके अस्सल होते की, पडद्यावरचे पाप या सज्जन माणसाच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटल्याच्या हकिकती पुष्कळांनी सांगितल्या आहेत. हा सज्जन मनुष्य राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेला समाजवादी कार्यकर्ता होता आणि पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असता कलापथकात उभा राहिला होता, हे मात्र त्या शिव्या देणाऱ्यांतील किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे!

डावे विचारवंत लोकांच्या करमणुकीकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, याविषयी आपल्या पांढरपेशा वर्गात एक ठोकळ समजूत आहे, ती अशी की, या मंडळींना गाण्यात प्रचार आणि नाटकात घोषणा एवढेच हवे असते. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण तिच्या आड एक जुना आणि मोठा रोचक वाद दडलेला आहे. हिटलरच्या अमलातून निसटून अमेरिकेत आश्रयाला गेलेले अडोर्नो आणि होर्कहायमर हे दोघे जर्मन तत्त्वज्ञ हॉलिवूडचा थाट पाहून १९४४ च्या सुमारास या निष्कर्षाला आले होते की, जो कामगार दिवसभर कारखान्यात राबतो त्याचा रिकामा वेळही आता कारखान्यातच तयार होऊ लागला असून, साच्यातून निघालेली गाणी व हशे त्याला दुसऱ्या दिवशीच्या राबणुकीसाठी मुकाट ताजेतवाने करून सोडतात. ग्राम्शी या इटालियन कम्युनिस्टाने मुसोलिनीच्या तुरुंगात बसून याहून निराळे टिपण केले होते. राज्यकर्ता वर्ग केवळ दंडुक्याने राज्य करीत नाही, रयतेची संमती तो तिच्या कथांतून, म्हणींतून, भाविकतेतून मिळवीत असतो; म्हणून लढायचे असेल तर याच कथांच्या आणि म्हणींच्या मुलखात उतरून लढले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आणि रशियातल्या बाख्तीनने, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या राबले या फ्रेंच लेखकावरील आपल्या ग्रंथात, जत्रेतल्या आणि बाजारातल्या ग्राम्य हसण्यालाच मान दिला. राजाचा भिकारी आणि भिकाऱ्याचा राजा करणाऱ्या त्या हशात काही काळ का होईना सगळी उतरंड पालथी होते, असे त्याने दाखविले. ज्याने मावळातला शिमगा पाहिला आहे, बोंब मारणाऱ्या पोरांनी गावच्या प्रतिष्ठितांचा कसा उद्धार केला हे ज्याने ऐकले आहे, त्याला बाख्तीन समजून घ्यायला रशियन शिकण्याची गरज नाही.

या तिन्ही दृष्टींची कसोटी लागते ती भोर-वेल्ह्याच्या मुलखातच. कसे ते पाहू.

भोरहून आंबवड्याच्या बाजूने रायरेश्वराकडे सरकले की कारी हे गाव येते. कान्होजी जेधे देशमुखांचे हे गाव. या घराण्याच्या दफ्तरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात ती त्यांनी छापली; शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आपल्याला मिळाली ती या शकावलीतून. आता विधिघटना अशी की, ज्या घराण्याच्या कागदांनी टिळकांच्या हाती शिवजन्माचा पुरावा दिला, त्याच कान्होजींचा वंशज म्हणून ओळखला जाणारा एक तरुण दहाच वर्षांच्या आत पुण्यात टिळकपंथीयांच्या विरुद्ध उभा राहिला. केशवराव जेधे हे त्याचे नाव, आणि त्याचे शस्त्र होते गणपतीपुढचा मेळा.

मेळा म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगितले पाहिजे. १८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सवाला रूप आले तेव्हा पोरांची पथके एकसारखा पोशाख करून, लेझीम घेऊन, चालीवर बसविलेली पदे म्हणत गल्लोगल्ली फिरू लागली. या पदांत देवाची स्तुती नाममात्र असे. चालू राजकारणावरची टीका, प्रतिपक्षाची टवाळी आणि क्वचित शुद्ध शिवीगाळ हाच त्यातला जीव. १९२२ च्या सुमारास जेधे आणि त्यांचे तिखट लेखणीचे स्नेही दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा उभा केला, तेव्हा त्यांनी नवे असे काहीच निर्माण केले नाही. उत्सव तोच, रस्ता तोच, चालीही बहुधा त्याच. बदलले ते हसणाऱ्याचे आणि हसविल्या जाणाऱ्याचे स्थान. शिवाजी हा गोब्राह्मणप्रतिपालक नसून कुणब्यांचा राजा आहे, हे जोतीराव फुल्यांनी १८६९ साली आपल्या पोवाड्यात मांडले होते. तेच आता शनिवार-सदाशिवातील ओट्यांसमोर चौकाचौकांत गर्जू लागले. पुण्यात त्यावरून हाणामाऱ्या झाल्या. १९२५ साली जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक जेध्यांनी प्रसिद्ध केले, त्यावरून फौजदारी खटला उभा राहिला आणि अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते भीमराव रामजी आंबेडकर. ते पुस्तक सभ्यतेच्या कोणत्याही मापाने सभ्य नव्हते, हे मान्य करूनही एवढे म्हणावेसे वाटते की, मेळ्यांच्या शिवराळपणाचा बभ्रा झाला तो दुसऱ्या बाजूने शिव्या येऊ लागल्यानंतर.

हे सर्व ‘डावे’ होते काय? तेव्हाच्या अर्थाने नव्हते. झगडा जातीचा होता, वर्गाचा नव्हे. पण जवळकर विलायतेला जाऊन आले ते मार्क्सच्या विचारांचा संस्कार घेऊन. ‘क्रांतीचे रणशिंग’ लिहून १९३२ साली ते अकाली वारले. आणि जेध्यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शंकरराव मोऱ्यांसमवेत जो शेतकरी कामगार पक्ष काढला त्याने १९५० च्या दाभाडी प्रबंधात उघडपणे मार्क्सवाद पत्करला. मेळ्यातून पक्ष निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या माणसांना पत्रके वाचता येत नव्हती ती ह्या पक्षाला मिळाली ती पदे म्हणत म्हणतच, यात शंका नाही.

एव्हाना भोर, वेल्हे, वाई, जावळी या डोंगरपट्ट्यातील माणूस मुंबईला लागला होता. नाचणी-वरईच्या उताराच्या जमिनीवर कुटुंबातल्या सगळ्यांचे पोट भरत नसे. एक भाऊ घरी राही, दुसरा गिरणीत जाई. भाटघरचे धरण भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडीवर उभे राहिले आणि १९२० च्या दशकाअखेर पुरे झाले, त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेले. पाणी उसाला गेले आणि माणसे बोरघाट उतरून मुंबईस गेली. गिरणगावातल्या चाळीत ही माणसे गावकीच्या खोल्या करून राहत, आणि तिथेच त्यांचा तमाशाही त्यांच्याबरोबर आला.

तमाशाचा हा साचा अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकासाठी उचलला. तमाशाची परंपरागत मांडणी अशी : आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी गणातून गणपतीला रजा दिली आणि तेथे मायभूमीला व कष्टकऱ्याला वंदन आणले. गवळण तर मुळातच काढून टाकली. सत्यशोधक जलशांनी हा पायंडा अगोदरच घातला होता, आंबेडकरी जलशांनीही तो पाळला. बतावणीत सावकार, जमीनदार, काळाबाजारवाला आणि पुढारी आले. शिवाजी पार्क असो की कामगार मैदान, हजारो माणसे रात्रभर बसत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या प्रयोगांना लोकनाट्य म्हटले. आणि आज ज्या शब्दाचा विद्यापीठात अभ्यास होतो तो शब्द अशा रीतीने पोलिसांची नजर चुकविण्यातून रूढ झाला, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासकारांनी थोडी अधिक ठळकपणे लिहावयास हवी होती.

गवळण काढून टाकली यात काय साधले आणि काय गमावले, याचा हिशेब मात्र डाव्यांनी फार उशिरा मांडला. गवळणीत कृष्ण असे, मावशी असे, थट्टा असे आणि नाचणारी स्त्री असे. ती अश्लील म्हणून गेली. पण तिच्याबरोबर महार-मांग-कोल्हाटी समाजांतल्या ज्या स्त्रिया पोटासाठी फडावर उभ्या होत्या त्यांची जागाही गेली, आणि क्रांतीच्या मंचावर त्यांना दुसरी जागा कोणी दिली नाही. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांच्या अभ्यासात हा प्रश्न मुळापासून उकरला. पोवाडा पुरुषाचा व म्हणून राष्ट्राचा, लावणी बाईची व म्हणून लाजेची, ही वाटणी पुरोगाम्यांनीही निमूट मान्य केली होती, असे त्यांच्या विवेचनावरून ध्यानात येते.

आता इंगवलीकडे वळू. भोर संस्थानातल्या या गावच्या एका कुटुंबात, मुंबईत नायगावच्या चाळीत, ८ ऑगस्ट १९३२ रोजी कृष्णा कोंडके, म्हणजेच पुढचे दादा कोंडके, जन्मला. घरातली माणसे बॉम्बे डाइंग गिरणीत; पोरगा गल्लीत सोड्याच्या बाटल्यांनी मारामाऱ्या करणारा. त्याला माणसात आणले ते बँडने आणि सेवा दलाने. राष्ट्र सेवा दल १९४१ साली एस. एम. जोशी प्रभृतींनी उभे केले होते. त्याचे कलापथक वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी नावारूपाला आणले आणि पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे तिघेही याच पाण्यात पोहायला शिकले : एक माळी, एक न्हाव्याचा मुलगा, एक गिरणीवाल्यांच्या घरचा आणि नायगावच्या कामगारांच्या सहकारी भांडारातला नोकर. हे भांडार म्हणजे पुढे ‘अपना बाजार’ म्हणून प्रसिद्धीस आले ते.

वसंत सबनीसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला आणि तो ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने १९६५ च्या सुमारास दादांनी रंगभूमीवर आणला, तेव्हा काय घडले? राजा, प्रधान, हवालदार, मैनावती या चौकडीच्या जुन्याच वगात, हवालदाराच्या तोंडून त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी येऊ लागली. लेखी संहितेत नसलेला टोमणा तो ऐनवेळी मारी, आणि पुढच्या रांगेतला मंत्री असो की मामलेदार, त्याला हसण्यावाचून गत्यंतर नसे. प्रयोग हजाराच्या पुढे गेले. कलापथकाच्या बतावणीत पुढाऱ्याला शिकवण दिली जात असे. दादांच्या बतावणीत त्याला फक्त उघडे पाडले जाई, आणि ते अधिक झोंबे. माझ्या मते डाव्या चळवळीने महाराष्ट्राच्या रंगभूमीला दिलेले हे सर्वांत टिकाऊ दान, आणि चळवळीच्या हिशेबवहीत ते जमेला धरलेलेच नाही.

धरले नाही याचे कारण १९७०-७१ मध्ये घडले. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव होऊन शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. पुढच्याच वर्षी दादांचा ‘सोंगाड्या’ तयार होऊन पडला असता, दादरचे कोहिनूर चित्रपटगृह त्याऐवजी हिंदी चित्रपट लावावयास निघाले, तेव्हा दादा मदत मागावयास गेले ते समाजवाद्यांकडे किंवा लाल बावट्याकडे नव्हे, तर बाळासाहेब ठाकऱ्यांकडे. शिवसैनिक रस्त्यावर आले, चित्रपट लागला आणि रौप्यमहोत्सव करून गेला. यापुढे दादा अखेरपर्यंत सेनेच्या व्यासपीठावर दिसले. सेवा दलाने घडविलेला हवालदार असा भगव्या झेंड्याखाली गेला. समीक्षकांनी त्याच्या द्वयर्थी विनोदाला नाके मुरडली, डाव्यांनी त्याला बाजारू ठरविले. अडोर्नोच्या साच्यात हे चपखल बसते : गिरणीत राबणाऱ्याला गिरणीतलाच माल. पण ‘पांडू हवालदार’ (१९७५) पाहणारा गिरणीवाला हसत होता तो कशाला? टोपी-पट्ट्यातल्या सत्तेला, हप्त्याला, साहेबाच्या इंग्रजीला. ग्राम्शी म्हणतो तो मुलूख हाच होता, आणि डाव्यांनी तो लढण्याआधीच सोडून दिला. अर्थात या हशाची किंमत बहुतांशी पडद्यावरच्या स्त्रीने मोजली. द्वयर्थाचा दुसरा अर्थ नेहमी तिच्याच देहावर येऊन थांबे. गवळण मंचावरून हाकलली ती मागल्या दाराने अशी परत आली, फक्त या वेळी तिच्या तोंडी प्रत्युत्तर कमी होते.

निळू फुल्यांनी मात्र दुसरी वाट धरली. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ आला; रामदास फुटाण्यांनी तो निर्माण केला आणि बर्लिनच्या महोत्सवात तो दाखविला गेला. त्यातला हिंदूराव धोंडे पाटील हा रांझ्याच्या पाटलाचाच वंशज. परंतु आता त्याच्यापाशी पाटीलकीचे वतन नाही, साखर कारखाना आहे. इनाम गेले, कूळकायदा आला, वतने खालसा झाली, तरी गावावरची हुकमत वतनातून कारखान्यात आणि कारखान्यातून विधिमंडळात कशी वाहत गेली, हे राज्यशास्त्राच्या कित्येक प्रबंधांना जमले नाही ते या एका चित्रपटाने सामान्य प्रेक्षकाला उमजवून दिले. भाटघरचे पाणी ज्या उसाला जाते त्या उसाचीच ही कथा, असे भोरच्या माणसाला वाटले तर ते चूक म्हणता येणार नाही.

रांझ्याचा मूळ कागदही डाव्यांनी अडगळीत टाकलेला नाही. कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्या व्याख्यानातून सिद्ध झालेली ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका १९८८ मध्ये निघाली आणि तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. वतनदारांना वेसण, रयतेच्या पिकाला संरक्षण, फौजेला भाजीच्या देठालाही हात न लावण्याची ताकीद, स्त्रीच्या अब्रूची दखल, या गोष्टींवरून शिवाजीराजांचे मोठेपण पानसऱ्यांनी मापले, धर्मयुद्धावरून नव्हे. ही पुस्तिका एस. टी. स्थानकावरच्या टपरीत मिळत असे, आणि तिचे खरे यश त्यात आहे. पानसऱ्यांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या. २० तारखेस ते मरण पावले. त्याअगोदर तीन वर्षे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक रंगभूमीवर आले होते. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि लोकशाहीर संभाजी भगतांची कल्पना व संगीत. त्यात यम शिवाजीराजांना न्यायला येतो आणि त्यांच्याबरोबर त्यांचे विचारही नेऊ पाहतो, अशी गंमत आहे. जलशाचा जोर, वगाची थट्टा आणि पानसऱ्यांचा युक्तिवाद या नाटकात एकत्र आले. गणही त्यात परत आला आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

वेल्ह्याविषयी मात्र थोडक्यातच लिहिण्यासारखे आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या या तालुक्याला शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे. शनिवार-रविवारी पुण्याचे तरुण भगव्या अंगरख्यांत, मोबाईलवर चढ्या आवाजात पोवाडे लावून गुंजवणे आणि पाली गावांतून राजगडावर चढतात. त्या पोवाड्यांतला राजा घोड्यावर असतो, तलवारीवर हात असतो, पण तो रांझ्याच्या पाटलाची चौकशी करताना मला तरी कधी ऐकू आलेला नाही. ही देखील एक राजकीय लोकसंस्कृतीच होय, आणि तिच्याकडे केवळ उपहासाने पाहणाऱ्या पुरोगाम्यांनी कोहिनूरची आठवण ठेवलेली बरी.

शेवटी एक विनंती. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या पुष्कळ गावांत हौशी तमाशाचे फड होते, मुंबईकर गावकऱ्यांची नाटकमंडळे होती, गणपतीचे मेळे होते. त्यांच्या पदांच्या वह्या, मेळ्यांच्या छापील पुस्तिका, वगांची हस्तलिखिते कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत अजून पडून असतील. त्यांतली बतावणी ग्राम्य असेल, शुद्धलेखन ढासळलेले असेल, एखाद्या पानावर गावच्या कारभाऱ्याला लाखोलीही वाहिलेली असेल. कृपा करून त्या रद्दीत घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विद्यापीठ आहे, गावोगावी ग्रंथालये आहेत; तेथे नेऊन द्या, निदान एक छायाप्रत तरी. कारीच्या जेध्यांची शकावलीही कधीकाळी घरच्या दफ्तरातले एक जुने बाडच होती.